रुळांच्या गावची झुकझुक गाडी

नाताळची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच विषय निघतो. मुलांना घेऊन यंदा जायचे कुठे? दिवाळीत नातेवाइकांकडे जाणे झालेले असते, मोठी सहल मे महिन्यासाठी राखून ठेवलेली असते. हाताशी चार-पाच दिवस, खिसा बेताचा आणि थंडी मात्र फिरायला बोलावणारी! अशा वेळी महाबळेश्वर, माथेरान, गोवा ही नेहमीची नावे बाजूला ठेवून विदर्भाच्या शेजारच्याच एका ठिकाणाचा विचार करायला हरकत नाही. ते ठिकाण म्हणजे छत्तीसगडमधील भिलाई आणि भिलाईच्या मरोदा भागातील मैत्री बाग.

भिलाई म्हटले की शाळेच्या भूगोलातला पोलाद कारखाना आठवतो. कारखान्याच्या गावाला कोणी हौसेने सहलीला जाते का, असा प्रश्न पडेल. पण या गावची गोष्ट आगगाडीशी बांधलेली आहे. ज्या रुळांवरून आपण काशीला, तिरुपतीला आणि माहेरी जातो, त्यातले फार मोठ्या संख्येने रूळ इथे तयार झाले आहेत. आणि याच गावाने आपल्या मुलांसाठी एका बागेत छोटे रूळ टाकून त्यावर एक झुकझुक गाडीही सोडली. मोठ्या रुळांचे गाव आणि छोटी गाडी, अशी ही जोडी मुलांना दाखवण्यासारखी आहे.

गाडीतच सुरू होणारी सहल

भिलाईला आगगाडीनेच जावे. नागपूरहून दुर्ग सुमारे २६५ किलोमीटर, म्हणजे चार-साडेचार तासांचा प्रवास. खिडकीजवळची जागा मात्र मुलांना द्यावी. भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा ही स्टेशने मागे पडतात, तोवर दोन्ही बाजूंना धानाची शेते दिसत राहतात. डिसेंबरात कापणी आटोपलेली असते, शेतात खुंट उरलेले असतात आणि खळ्यांवर तणसाचे ढीग असतात. गोंदिया, आमगाव, सालेकसा गेले की देखावा बदलतो. दरेकशाच्या परिसरात डोंगर जवळ येतात, बांबूची आणि सागाची झाडी दाट होते, गाडी बोगद्यात शिरते आणि डब्यातली सगळी मुले एकदम ओरडतात. महाराष्ट्र इथे संपतो, छत्तीसगड सुरू होते.

पुढे डोंगरगड लागते. टेकडीवरचे बमलेश्वरीचे देऊळ गाडीतूनच दिसते आणि डब्यातले कितीतरी हात आपोआप जोडले जातात. मग राजनांदगाव. मराठी वाचकांना या गावाची एक वेगळी ओळख आहे. घरात मराठी बोलणारे आणि हिंदीत थोर ठरलेले कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून इथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतले नामवंत कवी. एकाच घरातून दोन भाषांना कवी मिळावेत, हे या सीमेवरच्या मुलखाला शोभणारेच आहे.

तसे पाहिले तर मराठी माणसाला छत्तीसगड परके कधीच नव्हते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे राज्य इथवर पोहोचले होते. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत. पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांतात नागपूर हीच राजधानी होती आणि दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत त्याच प्रांतात होता. दुर्ग, रायपूर, बिलासपूर या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरे आजही आहेत. त्यांची मराठी ऐकताना मधूनच छत्तीसगडी हेल कानावर येतो आणि तो गोडही वाटतो.

शिवनाथ नदीचा पूल ओलांडला की दुर्ग. तिथून भिलाई जवळजवळ जोडलेलीच आहे.

मरोद्यातल्या दोन गाड्या

मरोदा हे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी ऐकलेले नसेल. भिलाईच्या टाउनशिपमधला हा एक भाग. रुंद, सरळ रस्ते, दुतर्फा मोठी झालेली झाडे, कारखान्याची क्वार्टर्स आणि थोड्या अंतरावर मरोद्याचे जलाशय. तांदुळा कालव्यातून येणारे पाणी या जलाशयांत साठते आणि कारखान्याला पुरवले जाते. भट्टीला जशी आग लागते, तसे पाणीही भरपूर लागते, हे मुलांना इथे सहज समजावून सांगता येते.

मरोद्याला स्वतःचे रेल्वे स्टेशनही आहे. दुर्गहून दल्ली-राजहराकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे लहानसे स्टेशन. मरोदा, गुंडरदेही, लाटाबोड, बालोद अशी गावे घेत ही गाडी राजहऱ्याच्या लोखंडाच्या डोंगरांपर्यंत जाते. भिलाईचा कारखाना उभा राहिला तो मुख्यतः या डोंगरांच्या भरवशावर. तिथली लाल माती आणि लाल दगड भरून निघालेल्या मालगाड्या याच मार्गाने कारखान्याकडे येतात. लांबच लांब गाडी, प्रत्येक वॅगनमध्ये गंजाच्या रंगाचा माल. अशी एखादी गाडी जाताना दिसली, तर मुलांना वॅगन मोजायला लावावे. मोजता मोजता आकडा चुकतो, आणि मजा त्यातच असते.

मरोद्यातली दुसरी गाडी मैत्री बागेतली. तिला इथे सगळे ‘टॉय ट्रेन’च म्हणतात. छोटे इंजिन, छोटे डबे, छोटी बाके आणि बागेच्या झाडीतून एक फेरी. मोठ्यांचे गुडघे समोरच्या बाकाला टेकतात, साडीचा पदर सावरून बसावे लागते, लहान मूल मांडीवर घ्यावे लागते. शिट्टी झाली की आतली मुले बाहेरच्यांना हात करतात आणि बाहेरची माणसे, ओळख असो वा नसो, उलट हात हलवतात. फेरी संपते तेव्हा निम्मी मुले उतरायला तयार नसतात. एवढाच हा खेळ. पण कित्येक भिलाईकरांच्या लहानपणात तो आहे.

आता एक गंमत मुलांना नक्की सांगावी. जुन्या आगगाडीचा तो प्रसिद्ध ‘खटक-खटक’ आवाज कुठून येत असे? पूर्वी रुळांचे तुकडे लहान, साधारण १३ मीटरचे असत. दोन तुकड्यांच्या मध्ये थोडी फट ठेवून ते फिशप्लेट आणि बोल्टांनी जोडत, कारण उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावते. प्रत्येक सांध्यावरून चाक गेले की एक ठोका पडे. पुढे लांब रूळ आले, तुकडे वितळवून एकमेकांना जोडले जाऊ लागले आणि मोठ्या गाड्यांचा तो ठेका बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला. तो नाहीसा करणाऱ्या कारखान्यांत भिलाई सर्वांत पुढे. लहान तुकडे बोल्टांनी जोडलेल्या छोट्या गाड्यांच्या रुळांवर मात्र तो ठेका अजून ऐकू येतो. आजोबांच्या वेळची आगगाडी कशी वाजत असे, हे नातवंडांना कळण्याची ही एक सोपी जागा.

रूळ कसा लाटतात?

भारतात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली, तेव्हा इंजिने आणि रूळ इंग्लंडहून जहाजाने आले होते. स्वतंत्र देशाला इतके रूळ बाहेरून आणणे परवडणारे नव्हते. भिलाईचा कारखाना उभारताना म्हणूनच रुळांची मिल हा त्याचा महत्त्वाचा भाग ठरला. ही मिल १९६० मध्ये सुरू झाली आणि पुढे कित्येक दशके भारतीय रेल्वेला लागणारे रूळ मुख्यतः इथूनच गेले.

रूळ तयार होण्याची रीत गृहिणींना चटकन समजेल. खनिज, कोळशापासून केलेला कोक आणि चुनखडी झोत भट्टीत घालून कच्चे लोखंड काढतात. त्यातला नको असलेला कार्बन आणि इतर अशुद्धी काढल्या की पोलाद होते. त्याचे मोठे चौकोनी ठोकळे पाडतात. हे ठोकळे लालभडक तापवून रुळांच्या आकाराच्या खाचा असलेल्या लाटण्यांमधून पुन्हा पुन्हा काढतात. प्रत्येक फेरीला ठोकळा बारीक आणि लांब होत जातो, शेवटी त्याला रुळाचे डोके, मान आणि पाय येतात. इथपर्यंत पोळी लाटण्यासारखेच. खरी कसोटी पुढे. रुळाचे डोके जाड आणि पाय पातळ, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या वेगाने थंड होत नाहीत आणि रूळ वाकायला लागतो. तो थंड होऊन सरळ यावा, यासाठी आधीच हिशेब करावा लागतो.

नंतर तपासणी. आपण दवाखान्यात सोनोग्राफी करतो, तशाच तत्त्वावर ध्वनिलहरी सोडून रुळाच्या पोटात कुठे भेग किंवा पोकळी आहे का, ते पाहतात. पोलादात हायड्रोजन वायू किंचितही जास्त अडकून राहिला, तर वर्षांनंतर आतून तडा जाऊ शकतो. म्हणून वितळलेले पोलाद निर्वात पात्रात ठेवून तो वायू काढून टाकण्याची सोय करण्यात आली. रात्रीच्या गाडीत आपण निर्धास्त झोपतो, त्यामागे असे किती जणांचे डोळे जागे असतात!

आता इथल्या नव्या मिलमध्ये १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो. असे दोन जोडून २६० मीटरचा एक रूळ करतात आणि एकापुढे एक वॅगन लावून तो रवाना होतो. मीटरला ६० किलो वजन धरले, तर हा एक रूळ १५.६ टनांचा. गणिताची आवड असलेल्या मुलांना पुढचा हिशेब घालावा. एक किलोमीटरच्या एका मार्गाला दोन बाजूंचे रूळ मिळून १२० टन पोलाद लागते. मग नागपूर ते दुर्ग एका मार्गाला किती? उत्तर जवळजवळ ३२ हजार टन येते. आपण ज्यावरून चार तासांत आलो, त्याचे हे वजन!

हे पोलाद नुसत्या घामाने मिळालेले नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कारखान्याच्या कोक ओव्हनजवळ गॅसवाहिनीत स्फोट झाला आणि डझनाहून अधिक कामगार प्राणाला मुकले. बागेत हसतखेळत फिरणाऱ्या कुटुंबांतला कोणी तरी रोज अशा आगीजवळ कामाला जातो, याची जाणीव या गावात पाहुण्यालाही ठेवावी लागते.

ही मैत्री कोणाशी?

मुले एक प्रश्न हमखास विचारतात. बागेचे नाव ‘मैत्री’ का? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्यासाठी करार झाला. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोत भट्टीचे उद्‌घाटन झाले. या काळात सोव्हिएत तंत्रज्ञ सहकुटुंब भिलाईत येऊन राहिले, भारतीय इंजिनिअर शिकायला तिकडे गेले. सेक्टर ७ मधल्या वसाहतीला आजही ‘रशियन कॉम्प्लेक्स’ म्हणतात. ९ ऑगस्ट १९७१ रोजी दोन्ही देशांनी मैत्रीचा करार केला आणि दुसऱ्याच वर्षी, १९७२ मध्ये, या मैत्रीची खूण म्हणून भिलाई पोलाद कारखान्याने मरोद्यात ही बाग उभी केली.

आता नाताळशी असलेला योगायोग पाहा. २५ डिसेंबर १९९१ च्या संध्याकाळी मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. ज्या देशाच्या मैत्रीसाठी ही बाग केली, तो देश नाताळच्या दिवशी नकाशावरून गेला. बागेचे नाव मात्र कोणी बदलले नाही. बदलायची गरजही वाटली नसावी. देश येतात-जातात, शेजारच्या क्वार्टरमधल्या माणसाने दिलेला हात लक्षात राहतो.

नाताळ आणि छोटी आगगाडी यांचे नाते युरोपात जुने आहे. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये खेळण्यातल्या गाड्यांचे ठरावीक मापाचे रूळ बाजारात आणले. त्यामुळे दरवर्षी थोडे रूळ, एखादा डबा, एखादे स्टेशन अशी भर घालता येऊ लागली. नाताळच्या झाडाखाली गोल फिरणारी गाडी हे पुढे कित्येक घरांतले ठरलेले दृश्य झाले. सोव्हिएत देशाची रीत निराळी. तिथे मुलांसाठी खरोखरीच्या छोट्या रेल्वे बांधल्या गेल्या. त्यातली तिफ्लिस, म्हणजे आजच्या तिबिलिसीची रेल्वे १९३५ मध्ये सुरू झाली. तिकिटे देणे, झेंडी दाखवणे, सांधे बदलणे ही कामे मुलेच करत. बुडापेस्टला १९४८ मध्ये सुरू झालेल्या अशा रेल्वेत आजही शाळकरी मुले गणवेश घालून फलाटावर उभी असतात. इंजिन चालवणारा तेवढा मोठा माणूस. मरोद्याच्या गाडीत मुले फक्त प्रवासी आहेत. तरी एखाद्या सुट्टीत इथल्या शाळकरी पोरांच्या हाती हिरवी झेंडी द्यायला काय हरकत आहे? रुळांच्या गावातल्या मुलांना तेवढा हक्क नक्कीच आहे.

भिलाईचा नाताळ

‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. गोवा-वसईकडचा नाताळ म्हटला की नेवऱ्या, दोदोल, बिबिंका डोळ्यांसमोर येतात. भिलाईच्या नाताळाला केरळची चव आहे. कारखाना उभा राहत होता तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे नोकरीला आली. त्यात मल्याळी मोठ्या संख्येने होते आणि त्यांतली बरीच घरे ख्रिस्ती. डिसेंबर लागला की क्वार्टरच्या ओसरीवर कागदाचा चांदणीचा आकाशकंदील लागतो. घरी फळे घातलेला केक होतो, अप्पम आणि स्ट्यू होते, आणि ताटे शेजारीपाजारी जातात. दिवाळीत त्यांच्याकडे गेलेल्या फराळाच्या ताटाची ही परतफेड. ताट रिकामे परत करू नये, हा आपला रिवाज तिथे मल्याळी घरांनीही उचलला असेल तर नवल नाही.

भिलाईत फिरताना ही सरमिसळ जागोजागी दिसते. सेक्टर ४ मध्ये जगन्नाथाचे देऊळ, सेक्टर २ मध्ये अय्यप्पाचे. सेक्टर ६ मध्ये तर मशीद, गुरुद्वारा, देऊळ आणि चर्च एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. कोणी ठरवून केलेला देखावा नव्हे हा. कामावर शेजारी उभे राहणाऱ्या माणसांनी राहतानाही शेजार केला, इतकेच. उत्तर छत्तीसगडमध्ये जशपूरकडे कुनकुरीचे भव्य चर्च प्रसिद्ध आहे, पण भिलाईचा नाताळ चर्चइतकाच गल्लीतला आणि बागेतला असतो.

आणि तो २५ तारखेला संपत नाही. त्या दिवसापासून एक जानेवारीपर्यंत मैत्री बागेत गर्दी वाढतच जाते. एक जानेवारीला तर दुर्ग, राजनांदगाव, बालोदकडची माणसे ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल मिळेल त्या वाहनाने येतात. झाडाखाली सतरंज्या पसरतात, डबे उघडतात. एका सतरंजीवर इडली, दुसरीवर लिट्टी, तिसरीवर छत्तीसगडी ठेठरी आणि खुरमी. ठेठरी म्हणजे बेसनाची, आपल्या कडबोळ्यांची चुलत बहीणच. अइरसा खाल्ला तर अनारशाची आठवण येईल. तांदळाच्या पिठाचा चिला आणि वाफवलेला फरा हे पदार्थ तर मराठी घरात सहज करून पाहता येतील.

रशियन कुटुंबे इथे मोठ्या संख्येने होती त्या काळाची एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. सोव्हिएत देशात नाताळचा सण उघडपणे साजरा होत नसे, पण १९३५ च्या अखेरीस सजवलेल्या झाडाला नववर्षाचे झाड म्हणून परवानगी मिळाली. मुलांना भेटी देणारा म्हातारा बाबाही नववर्षालाच येऊ लागला. शिवाय रशियन चर्चचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला. म्हणजे २५ डिसेंबर, १ जानेवारी आणि ७ जानेवारी, असे तीन मुहूर्त या एकाच गावाला ठाऊक आहेत.

बागेत आणखी काय?

छोटी गाडी हे बागेचे आकर्षण असले, तरी मुलांचा बराच वेळ प्राणिसंग्रहालयात जातो. इथले पांढरे वाघ प्रसिद्ध आहेत. ओडिशातल्या नंदनकाननहून आलेल्या वाघांचा वंश इथे वाढला आणि पुढे इथून राजकोटच्या प्राणिसंग्रहालयालाही पांढरे वाघ दिले गेले. पांढरा वाघ ही निराळी जात असे बऱ्याच जणांना वाटते. तसे नाही. तो आपल्या नेहमीच्या पट्टेरी वाघाचाच रंगातला फरक आहे. आई आणि वडील दोघांकडून तो गुण आला, तरच पिल्लू पांढरे होते. मुलांना हे पिंजऱ्यापुढेच सांगावे, चांगले लक्षात राहते.

तळे आहे, नौकाविहार आहे, संगीताच्या तालावर नाचणारे कारंजे आहे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात भरणारे पुष्पप्रदर्शन हा भिलाईकरांचा आवडता सोहळा. शेवंती, डेलिया, गुलाब यांच्या कुंड्या पाहायला बागकामाची हौस असलेल्या गृहिणी मुद्दाम येतात.

परत येणारी मुले

नाताळच्या सुट्टीतली बागेतली गर्दी नीट पाहिली, तर तिच्यात एक ओळखीचे त्रिकूट वारंवार दिसते. निवृत्त आजोबा, पुण्या-बंगळूरहून आलेला मुलगा किंवा मुलगी आणि भिलाई फक्त सुट्टीत पाहणारे नातवंड. कारखान्यातल्या कायम नोकऱ्या गेल्या तीन-चार दशकांत खूपच कमी झाल्या. एके काळी साठ हजारांहून अधिक माणसे इथे कामाला होती. आज त्याच्या तुलनेत फारच थोडी आहेत. यंत्रे आली, ठेकेदारी वाढली. इथल्या शाळा चांगल्या, मुले हुशार; ती शिकली आणि बाहेर गेली. आई-वडिलांनी रूळ घडवले आणि मुले त्याच रुळांवरून दूर गेली, असे या गावात घरोघरी झाले आहे.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते, मग प्रश्न येतो की आता राहायचे कुठे? कोणी केरळला परतले, कोणी नागपूर-अमरावतीला. ज्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षे इथे काढली, त्यांचे ‘गाव’ कोणते, हे त्यांचे त्यांनाही सांगता येत नाही. आपले म्हणावे असे वडिलोपार्जित घर इथे बहुतेकांना नाही. दाखवायला उरते ती बाग. ‘तुझे बाबा तुझ्याएवढे होते तेव्हा याच गाडीत बसून रडले होते’ असे आजी सांगते आणि नातवंड ते खरे मानायला तयार नसते. त्यांच्या दृष्टीने या छोट्या गाडीची किंमत तिकिटावर छापलेली नाही. ती बंद पडली, रूळ गंजले, तर गावाच्या आठवणींतला एक धागा तुटेल. म्हणून अशा बागांची निगा राखणे हे केवळ करमणुकीचे काम नव्हे. कारखान्याने भट्ट्यांकडे जितके लक्ष द्यावे, त्यातले थोडे इकडेही असावे, असे भिलाईकरांना वाटले तर त्यात गैर काय?

जाण्यापूर्वी

मुंबई-हावडा मार्गावरील बहुतेक प्रमुख गाड्या दुर्गला थांबतात. मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस आणि हावडा मेल, पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस सोयीच्या. नागपूरहून गाड्या पुष्कळ. डिसेंबर २०२२ पासून नागपूर-बिलासपूर वंदे भारतही आहे. दुर्ग किंवा भिलाई पॉवर हाउस स्टेशनवर उतरून रिक्षाने मैत्री बागेत पोहोचता येते. विमानाने येणाऱ्यांसाठी रायपूर जवळचे.

बाग सोमवारी बंद असते. छोटी गाडी आणि नौका दुरुस्तीसाठी अधूनमधून थांबवल्या जातात, तेव्हा आत जाण्याआधी तिकीट खिडकीवर विचारून घ्यावे, म्हणजे मुलांचा हिरमोड होणार नाही. एक जानेवारी शक्यतो टाळावी. २६ ते ३० डिसेंबरमधला एखादा दिवस बरा. सकाळी लवकर गेल्यास प्राणी उन्हाला आलेले दिसतात. पहाटे बोचरी थंडी असते, म्हणून लहानांना कानटोपी आणि स्वेटर हवाच. दुपारी ऊन चढते, तेव्हा पाण्याची बाटलीही हवी. कारखाना आतून पाहण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर दुरून चिमण्या पाहून समाधान मानावे.

एक दिवस जास्तीचा असेल, तर परतीच्या वाटेवर नागपूरला मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय जरूर पाहावे. १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालेल्या या संग्रहालयात सातपुड्याच्या छोट्या रेल्वेची इंजिने आणि डबे जपून ठेवले आहेत. पुणेकरांना तर कर्वे रस्त्याजवळचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय घराजवळच आहे.

आणि घरी परतताना मुलांना एक काम द्यावे. गाडी स्टेशनात थांबली की फलाटाच्या सुरक्षित अंतरावरूनच, वडीलधाऱ्यांचा हात धरून, शेजारच्या रुळाच्या कडेकडे नीट पाहायचे. रुळाच्या मानेवर तो घडवणाऱ्या कारखान्याची खूण आणि वर्ष उठवलेले असते. ते वाचता आले, तर मुलाला कळेल की हा रूळ कुठून आला आणि कधी. पुढच्या प्रवासात खिडकीबाहेर बघायला त्याला एक नवे कारण मिळालेले असेल.